आधी थांबायला शिका

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दहा टनांची ट्रॉली ओढतो, याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. खालचा गिअर टाकला, क्लच दमानं सोडला की ती हलतेच. नवशिक्या फसतो तो इथेच. गाडी हलली की त्याला वाटतं, जमलं आपल्याला. पण हलवता येणारं वजन अडवता येईलच असं नाही. हलवायला इंजिन लागतं. अडवायला ब्रेक, टायर आणि कोरडा रस्ता लागतो, आणि मोठं इंजिन घेतलं म्हणून या तिघांची ताकद वाढत नाही.

या प्रकरणात ट्रॉली जोडायची कशी, भरायची कशी, वळवायची आणि मागे घ्यायची कशी हे सगळं येईल. पण प्रत्येक ठिकाणी कसोटी एकच लावायची आहे: यामुळे मला थांबणं सोपं होतंय की अवघड?

नगरी शाळा

उदाहरणं अहिल्यानगर जिल्ह्यातली घेतली आहेत, म्हणजे अजूनही बोलण्यात ज्याला नगर म्हणतात तिथली. ट्रॉली ओढण्याचं काम इथे दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रात्रंदिवस चालतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी खाली उतरलं आणि श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होताच. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, भेंडा, श्रीगोंदा अशी कारखान्यांची रांग लागली.

सुरुवातीला हा ऊस बैलगाडीनं यायचा. गाडीत टन-दोन टन माल आणि वेग माणसाच्या चालीचा. उताराला बैल मान मागे रेटून गाडी तोलून धरायचे, म्हणजे ब्रेक जनावरालाच होता. टायरगाड्या अजूनही कारखान्याच्या वाटेवर दिसतात, पण लांबची वाहतूक ट्रक आणि ट्रॅक्टरकडे गेली. ट्रॅक्टरमागे एक ट्रॉली होती, तिथे दोन आल्या. भार दहापट झाला, वेग पाच-सहापट झाला. गाडी तोलून धरण्याचं काम मात्र हुकाला लावलेल्या ट्रॉलीनं शिकून घेतलं नाही. तिला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेकच नसतात.

कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर गंमत आणखी वाढते. मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो की ट्रॅक्टर हे स्वतःवर माल वाहण्यासाठी बनवलेलं वाहन नाही. आणि रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर तो 'हलक्या मोटार वाहनां'त मोडतो. म्हणजे हातात हलक्या वाहनाचा परवाना आणि मागे बारा-पंधरा टन. या मधल्या अंतराचं शिक्षण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिळत नाही. बहुतेकांना ते बांधावर, मामाच्या किंवा चुलत्याच्या शेजारी मडगार्डवर बसून मिळतं, आणि त्यात चांगल्याबरोबर वाईट सवयीही उतरतात. त्यातली पहिली म्हणजे मडगार्डवर बसणं. ट्रॅक्टरवर सीट एकाचीच असते. एका खड्ड्यात मडगार्डवरचा माणूस मागच्या चाकाखाली जातो.

चाळीस मीटरचा हिशेब

आकडे मांडले की गोष्ट स्पष्ट होते. समजा ट्रॅक्टर २,२०० किलोचा आहे. त्यातले साधारण १,४०० किलो मागच्या दोन चाकांवर येतात. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त याच दोन चाकांना असतात. कोरड्या डांबरावर रबराची पकड चाकावरच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरली, तर अडवण्याची जास्तीत जास्त ताकद झाली ८४० किलोची. ब्रेक कितीही जोरात दाबला तरी यापुढे चाक नुसतं घसरतं.

वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. ट्रॅक्टर मोकळा असेल तर ब्रेक लागल्यावर तो साडेसहा मीटरमध्ये उभा राहतो. आता याच ट्रॅक्टरला ऊस धरून १० टनांची चारचाकी ट्रॉली लावा, बिनब्रेकची. अडवणारी चाकं तीच दोन, अडवायचं वजन साडेपाच पट. चाकांचा फिरताना होणारा विरोध जमेस धरून हिशेब केला तरी थांबायला २८ ते ३५ मीटर लागतात. त्यात डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा, म्हणजे आणखी ७ मीटर. एकामागे एक तीन एसट्या उभ्या केल्यावर जेवढं अंतर होतं, त्याहून हे जास्त आहे. आणि हे सगळं रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक सारखे लागतात असं धरून. फडाच्या तोंडाशी रस्त्यावर आलेला चिखल, सांडलेलं पाचट किंवा पहाटेचं दव असेल तर पकड निम्म्यावर येते आणि अंतर दुपटीच्या घरात जातं.

यातून दोन नियम निघतात. पहिला, भार वाढला की थांबायचं अंतर जवळपास त्याच पटीत वाढतं. दुसरा, वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. भार कमी करणं दर वेळी ड्रायव्हरच्या हातात नसतं, वेग मात्र असतो. म्हणून भरल्या ट्रॉलीचा वेग इंजिन किती पळतंय यावर ठरवायचा नाही. पुढचा मोकळा रस्ता किती दिसतोय यावर ठरवायचा. चाळीस मीटरच्या आत वळण किंवा चढाचा माथा असेल, तर पंचवीसचा वेगही जास्तच.

उताराचं गणित वेगळं

इमामपूरचा घाट, करंजीचा घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरीचा घाट: जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर उतार आहेतच. पण नवशिक्याला घाटच लागतो असं नाही. कालव्याच्या पुलावरून उतरणारा छोटा रस्ताही तेवढाच धडा शिकवतो.

वीस मीटरला एक मीटर उतार घ्या. डोळ्यांना तो फारसा जाणवतही नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून १२.२ टनांच्या गाडीला हा उतार सुमारे ६१० किलोच्या जोरानं पुढे ढकलतो. आपल्याकडे अडवायची ताकद होती ८४०. म्हणजे त्यातली तीन-चतुर्थांशाच्या जवळपास ताकद गाडी नुसती धरून ठेवण्यातच खर्च झाली आणि खऱ्या अर्थानं थांबवायला उरली जेमतेम २३०. सपाटीवर तीस मीटरमध्ये थांबणारी गाडी इथे दुपटीहूनही बरंच जास्त अंतर खाते. उतार आणखी थोडा वाढला, की धरून ठेवण्यालाच ताकद पुरत नाही.

इथे ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते. तो सरळ रेषेत ढकलला जातोय तोवर निभावतं. वळणावर मागचं चाक घसरलं की दांडा ट्रॅक्टरचं ढुंगण बाजूला सारतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. हे घडायला सुरुवात झाल्यावर करण्यासारखं फार काही उरत नाही. जे करायचं ते उताराच्या आधी.

करायचं ते असं. उतार सुरू होण्याआधी सपाटीवरच गिअर खाली आणायचा. हाच चढ भरल्या ट्रॉलीनं ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. क्लचवर पाय ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल मारायची सवय ज्यांना आहे त्यांच्याकडून शिकू नका. त्या वाचलेल्या डिझेलची किंमत एका वळणावर वसूल होते. इंजिनाचा अटकाव वापरला की ब्रेक तापत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. मात्र तो अटकावही शेवटी त्याच दोन मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरतो, त्यामुळे पकडीची मर्यादा त्यालाही आहेच. म्हणून उतार हळू सुरू करायचा. वेग आधी कमी असेल तर तो राखता येतो. एकदा वाढू दिला की उतारावर तो परत मिळत नाही.

दोन पेडलं आणि एक खटका

ट्रॅक्टरच्या उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. शेतात तासाच्या टोकाला एकाच चाकाला ब्रेक लावून जागच्या जागी वळता यावं म्हणून ही सोय आहे. रस्त्यावर हीच सोय घात करते. घाईत पाय एकाच पेडलावर पडला, तर एक चाक अडतं, दुसरं पळतं, ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागचे दहा टन त्याला तसंच ढकलत राहतात.

त्यासाठी दोन्ही पेडलं एकत्र बांधणारा लहानसा लोखंडी खटका पेडलांपाशीच दिलेला असतो. शेतातून रस्त्यावर चढताना तो लावायचा, शेतात उतरताना काढायचा. खटका लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर एकदा ब्रेक दाबून बघा: ट्रॅक्टर सरळ उभा राहतो का, की एका बाजूला खेचतो? खेचत असेल तर दोन चाकांचे ब्रेक सारखे नाहीत, आणि ते मिस्त्रीकडून समान करून घेतल्याशिवाय ट्रॉली लावायची नाही. हँड थ्रॉटल, म्हणजे हातानं ठेवलेला रेस, रस्त्यावर पूर्ण खाली हवा. नाहीतर तुम्ही ब्रेक दाबत असता आणि इंजिन पुढे रेटत असतं.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेत हा उपाय जुनाच आहे. ब्रिटनमध्ये कारमागे जोडायच्या ट्रेलरचं एकूण वजन ७५० किलोच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत. त्यातली सर्वांत साधी रचना अशी: पुढची गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर दांड्यावर रेटतो, दांडा थोडा आत सरकतो आणि तोच रेटा सळीवाटे ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लावतो. जो धक्का अपघात घडवतो, त्यालाच कामाला लावलं आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, नगरमध्येच आहे. तिच्या चाचणी-रस्त्यांवर वाहनांच्या ब्रेकची परीक्षा होत असते, आणि त्याच जिल्ह्यात हंगामात बिनब्रेकच्या जोडट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात. नवी ट्रॉली घेणार असाल, तर रंग आणि हौद्याची उंची ठरवण्याआधी ब्रेकची चौकशी करा.

जोडताना

आता फडावर या. रिकामी ट्रॉली जमिनीवर दांडा टेकून उभी आहे. ड्रायव्हर मान वळवून ट्रॅक्टर मागे घेतोय, एक पोरगा दांडा उचलून धरून दोन्हींच्या मध्ये उभा आहे. "येऊ दे, येऊ दे, अजून जरा... बास, बास!" दोनशे फडांवर दोनशे वेळा हे निर्धोक पार पडतं. मग एक दिवस ड्रायव्हरचा पाय क्लचवरून निसटतो, आणि त्या पोराच्या मागे जायला जागा नसते.

याला उपाय फक्त क्रमाचा आहे. आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. ट्रॅक्टर हुकापासून वीतभर अंतरावर आणून थांबवायचा, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. त्यानंतरच मदतीचा माणूस मध्ये येणार. दांड्याला जॅक असेल तर उंची त्यानं जुळवायची. शेवटची दोन बोटं सरकवायची असतील तर माणूस बाहेर, मग ट्रॅक्टर सुरू. वेळ जास्त लागतो हे खरं. पण ही घाई मोजायला घेतली तर ती एका मिनिटाची निघते.

पिन दांड्याच्या भोकाला साजेशा जाडीची, खास त्यासाठीच बनवलेली हवी. हरवलेल्या पिनेच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट घालणं हे हंगामात सर्रास चालतं. तो आधी झिजतो, मग वाकतो, मग तुटतो. पिनेच्या खालच्या टोकाला खटका किंवा क्लिप पाहिजेच, कारण खड्ड्याखड्ड्याला पिन वर उडते. त्याशिवाय ट्रॅक्टर आणि दांडा यांच्यात एक जाड साखळी, दांड्याखालून नेलेली. पिन गेलीच तर दांडा रस्त्यात रुतून ट्रॉली कोलांटी खाण्याऐवजी साखळीवर लटकतो.

आणखी एक नियम कायम लक्षात ठेवायचा: ओढायचं ते खालूनच. फसलेली ट्रॉली काढताना कधी कधी साखळी वरच्या लिंकच्या जागी किंवा मागच्या आसाला बांधली जाते. मागची चाकं जमिनीत धरलेली, ओढ मात्र उंचावरून. मग ट्रॅक्टरच मागच्या चाकांभोवती उलटा फिरू लागतो. पुढची चाकं हवेत जातात आणि सेकंदभरात ट्रॅक्टर ड्रायव्हरवर पालथा पडतो. ट्रॉली फसली असेल तर माल उतरवा, चाकापुढची माती काढा, दुसरा ट्रॅक्टर बोलवा. पण साखळी हुकालाच.

भरताना

दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, चारचाकीचा जवळजवळ येत नाही. दोनचाकीत हा भार किती यावा, हे बैलगाडी भरणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं. पुढे फार झालं की बैलांची मान मोडायची. ट्रॉलीतही तेच. एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त दांड्यावर येईल, एवढा माल आसाच्या पुढे हवा. ट्रॉली उलाळ झाली तर ती ट्रॅक्टरची मागची चाकं उचलून धरते, म्हणजे ज्या दोन चाकांवर आपले सगळे ब्रेक अवलंबून आहेत त्यांचीच पकड काढून घेते. पुढे जास्त झालं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

उसाची अडचण उंचीची आहे. मोळ्या हौद्याच्या वर रचल्या जातात, बाजूंनी बाहेर येतात, आणि सगळ्या भाराचा तोल वर सरकतो. अशी ट्रॉली सपाट रस्त्यावर सहसा उलटत नाही. ती साइडपट्टीवर उलटते. समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं डावीकडे घेतलं, डांबराच्या कडेपासून साइडपट्टी वीतभर खचलेली, एक चाक खाली उतरलं, बस्स. एका बाजूचं टायर कमी हवेचं असेल तर ट्रॉली निघतानाच तिकडे कललेली असते. म्हणून भरण्याआधी चारही टायरची हवा बघायची, आणि भरल्यानंतर दहा पावलं मागे जाऊन ट्रॉली सरळ उभी आहे का हे डोळ्यांनी बघायचं. समोरच्या गाडीसाठी साइडपट्टीवर उतरण्यापेक्षा डांबरावरच थांबलेलं बरं. वर विजेच्या तारा लोंबत असतील तर वाट बदला. दोर आवळलेले हवेत. रस्त्यावर पडलेल्या चार कांड्या मागच्या मोटारसायकलवाल्याला पुरतात.

ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. ऊसतोडीची टोळी, तिची भांडीकुंडी आणि पोरं भरल्या उसावर बसून निघालेली दिसतात. जत्रेच्या दिवसांत मढी, मोहटा आणि शिंगणापूरच्या वाटांवर ट्रॉल्या भाविकांनी भरलेल्या असतात. ट्रॉली मालासाठी आहे. उलटली तर धरायला काही नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी विम्याचा वाद उभा राहतो तो वेगळाच.

वळताना आणि मागे घेताना

वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, ती आतून कापत जातात. जोडट्रॉली असेल तर दुसरी त्याहून आतून. म्हणून चौकात ट्रॅक्टर आधी थोडा पुढे काढायचा, मग वळवायचा, आणि आतल्या बाजूच्या आरशात ट्रॉलीचं मागचं चाक दिसेपर्यंत नजर तिथून हलवायची नाही. त्या आतल्या फटीत मोटारसायकल घुसते. ड्रायव्हरला वाटतं मी बाहेरून वळलो, मोटारसायकलवाल्याला वाटतं जागा होती.

मागे घेणं हा सगळ्यांना छळणारा भाग. दोनचाकी ट्रॉलीत एक सांधा असतो: ट्रॅक्टरचं ढुंगण डावीकडे गेलं की ट्रॉलीचं मागचं टोक उजवीकडे जातं. यावर एक सोपी युक्ती आहे. स्टिअरिंग वरून धरण्याऐवजी अगदी खालच्या टोकाला धरा. ट्रॉलीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात सरकवा. डोक्यातली उलटापालट तिथेच संपते. हात थोडा सरकवा, ट्रॉली वळू लागली की लगेच परत आणा. चुकलं तर मागेच रेटत बसू नका. पुढे येऊन सरळ करा. चारचाकी ट्रॉलीला पुढच्या आसाचा गोल असतो, म्हणून सांधे दोन होतात आणि युक्ती तेवढी चालत नाही. जोडट्रॉली तर मागे न्यायच्या भानगडीत पडूच नका. कारखान्याच्या गाडीतळात शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट बघून ठेवा.

अंधारात

हंगामातले अनेक वाईट अपघात ट्रॉली धावत असताना घडत नाहीत. ती उभी असताना घडतात. टायर फुटलं, आस बसला, ड्रायव्हर मिस्त्री आणायला गेला, आणि नगर-मनमाड रस्त्यावर काळोखात उसाचा काळा ढीग उभा. मागून येणाऱ्या मोटारसायकलला तो पन्नास फुटांवर दिसतो, तोवर उशीर झालेला असतो. उसाची टोकं बाहेर आल्यानं टेललाइट असला तरी झाकला जातो. म्हणून हंगाम सुरू होताना कारखाने, आरटीओ आणि पोलीस रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात: मागे लाल, पुढे पांढरे, बाजूंना पिवळे. ते चिखलानं माखले की असून नसल्यासारखे. दर खेपेला फडक्यानं पुसायचे.

कायद्याप्रमाणे ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूला हवा आणि तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक सर्वांत शेवटच्या ट्रॉलीच्या मागे हवा. नगरकडचा एमएच १६ असो की श्रीरामपूरकडचा एमएच १७, मागून धडकलेल्या गाडीवाल्याला किंवा मदतीला आलेल्याला तो वाचता आला पाहिजे.

ट्रॉली बंद पडली तर शक्य तेवढी डांबराच्या बाहेर घ्या, मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. त्रिकोण नाही म्हणून आपल्याकडे दगड लावतात, आणि दुरुस्ती झाली की गाडी जाते, दगड तिथेच राहतात. ते उचलणं हेही ड्रायव्हरचंच काम. आणि डेक. ट्रॅक्टरला दोन मोठे स्पीकर लावून रात्र जागी ठेवायची पद्धत आहे, पण त्या आवाजात मागच्याचा हॉर्न, पिनेची खडखड किंवा टायर फुटल्याचा आवाज यातलं काहीच कानावर येत नाही.

पहिले काही दिवस

शिकायला उसाचा हंगाम निवडू नका. उन्हाळ्यात मोकळं रान मिळतं तेव्हा सुरू करा. पहिल्यांदा रिकामी दोनचाकी ट्रॉली, दोन खुंट्या आणि मागे घेण्याचा सराव. मग रस्त्यावर रिकामीच, पण थांबण्याचा सराव: रस्त्याकडेच्या एका झाडाजवळ ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे उभी राहते ते पावलांनी मोजायचं. मग अर्धा भार घालून तेच, त्याच झाडाजवळ. मग पूर्ण भार. प्रत्येक वेळी पावलं वाढलेली दिसतील आणि तुमच्या ट्रॅक्टरचं, तुमच्या टायरचं थांबायचं अंतर कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या पायांनी कळेल. त्यानंतर छोटा उतार. फड आणि गाडीतळ सगळ्यांत शेवटी.

जास्त भरण्यामागचं कारण अज्ञान फार थोड्या वेळा असतं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ट्रॅक्टरचे हप्ते थांबत नाहीत आणि काट्यावर नंबर लावायला प्रत्येकाला घाई असते. दुसरी ट्रॉली जोडली की एकाच खेपेत दुप्पट टन जातात, हा हिशेब कुणालाही पटतो. म्हणून दुसरी ट्रॉली जोडायची की नाही, हे काट्यावर उभं राहून ठरवू नका. आपल्या वाटेवरच्या सर्वांत अवघड उताराच्या डोक्यावर एकदा ट्रॅक्टर उभा करा, पायथ्याशी शाळा, बसथांबा किंवा चौक काय आहे ते बघा, आणि झाडाजवळ मोजलेली पावलं आठवा. त्या पावलांच्या अनेक पट जागा तिथे मोकळी मिळत नसेल, तर दुसरी ट्रॉली दुसऱ्या खेपेला न्यायची.